पैसे दाण्याला द्या

दिवाळी जवळ आली की घरगुती वस्तूंच्या जाहिरातींत कॉफीचं यंत्र हमखास असतं. चकचकीत, काळंभोर, वर दाब दाखवणारा काटा, बाजूला दूध फेसाळायची नळी. किंमत वीस हजारांच्या पुढे आणि वरची हद्द नाहीच. ते घरी येतं, मिक्सर आणि मायक्रोवेव्हच्या मध्ये जागा अडवून बसतं. मग त्यात घातली जाते ती किराणा दुकानाच्या फळीवर कधीपासून पडून असलेली पावडर. कॉफी अर्थातच वाईट होते. तरी शंका पावडरीवर कुणी घेत नाही. दुसरं, जास्त महागडं यंत्र बघायला सुरुवात होते.

माझं म्हणणं सरळ आहे. चांगल्या कॉफीला लागणारं सामान तुमच्या ओट्यावर आत्ता आहे. पातेलं, झाकण, गाळणं, चमचा. फारच हौस असेल तर चार-पाचशे रुपयांचा स्टीलचा फिल्टर आणा, तो तुमच्या मुलांनाही पुरेल. राहिलेले पैसे दाण्यावर घाला.

पटत नसेल तर कॉफीचा धंदा करणारी माणसं चव कशी बघतात ते पाहा. ट्रकभर माल घ्यायचा की परत पाठवायचा, हे ज्या टेबलावर ठरतं तिथे यंत्र नसतं. ओळीने साधे वाडगे मांडलेले असतात. प्रत्येकात आठ-साडेआठ ग्रॅम जाडसर पावडर आणि वर दीडशे मिलिलिटर गरम पाणी. चार मिनिटं कुणी हात लावत नाही. वर चोथ्याचा जाड थर येतो. मग चाखणारा वाडग्यावर नाक आणून चमच्याने तो थर मोडतो, वास घेतो, वरचा फेस काढून टाकतो, आणि जरा निवल्यावर चमचाभर कॉफी सुर्रकन ओढून घेतो. जगभर कॉफीची प्रत आणि भाव ठरवायला हीच पद्धत वापरतात. ज्यांची रोजीरोटी चवीवर आहे त्यांचं वाडगा आणि चमच्यावर भागतं, तर तुमचं का भागू नये?

हीच पद्धत घरी करायची. एका मोठ्या मगाला अडीचशे मिलिलिटर पाणी आणि पंधरा ग्रॅम पावडर, म्हणजे पोह्याच्या चमच्याचे नव्हे, मोठ्या चमच्याचे तीन सपाट चमचे. पावडर जाड रव्याएवढी. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पावडर घाला, एकदा ढवळा, झाकण ठेवा. चार मिनिटांनी झाकण काढून वरचा थर मोडा. चोथा खाली बसू लागतो. आणखी दोन मिनिटं दम धरा आणि पातेलं न हलवता वरची वर गाळून घ्या. तळाचं थोडंसं पाणी पातेल्यातच राहू द्या, गाळ तिथेच असतो. झाली कॉफी.

एवढं सोपं असून बहुतेक घरांत ती बिघडते, कारण आपण कॉफी चहासारखी करतो. पाणी, साखर, पावडर, दूध सगळं एकत्र चढवायचं आणि दोन-तीन उकळ्या काढायच्या. चहाच्या भुकटीला हे सोसतं, तिला आल्या-वेलचीची सोबतही असते. कॉफी मात्र उकळत ठेवली की तिच्यातला सुगंध उडतो आणि कडवटपणा मागे राहतो. ‘घरभर वास सुटला’ म्हणून कौतुक करतात. घरभर सुटलेला वास कपात नसतो. तुर्कस्तानात कॉफी विस्तवावर करतात खरी, पण उकळीच्या तोंडाशी फेस चढला की भांडं उतरवतात, खळखळ उकळत ठेवत नाहीत.

कॉफीला ९२ ते ९६ अंशांचं पाणी मानवतं. थर्मामीटर आणू नका. मुंबईत आधण उतरवून अर्धा मिनिट थांबलं की काम होतं. पुण्यात पाणी मुळात ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे थोडं कमी थांबा. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, पाणी साडेपंच्याण्णव अंशांनाच उकळतं, तेव्हा तिथे थांबायचीही गरज नाही, उकळलं की ओता.

आता पावडरीकडे येऊ, कारण खरं भांडण तिथेच आहे.

पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा. आपल्या कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी भरून ते पाकीट राजरोस विकता येतं, आणि काही लोकप्रिय मिश्रणं त्या हद्दीच्या अगदी जवळ असतात. बिस्किटात मैदा किती, तेल कोणतं, हे चष्मा लावून वाचणारी माणसं कॉफीच्या पाकिटाची मागची बाजू बघत नाहीत. जवळजवळ अर्धं पाकीट भाजलेल्या मुळाचं आहे हे त्यांना कळतही नाही.

चिकोरीशी माझं वैर नाही. ती एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ आहे, गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकते. नेपोलियनने ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली, युरोपात कॉफी मिळेना, तेव्हा फ्रान्समध्ये तिचा वापर फोफावला. तिच्यात कॅफीन नसतं. रंग गडद येतो, अर्क दाट होतो, दूध घातलं तरी चव पातळ पडत नाही. दुधाच्या कॉफीत वीस टक्के चिकोरी मला मान्य आहे, आवडतेही. त्याच्या वर गेलात तर तुम्ही कॉफीच्या भावात मूळ विकत घेताय. आणि बिनदुधाची पिणार असाल तर चिकोरी शून्य.

झटपट कॉफीबद्दलही एकदा बोलून घेऊ. ती कारखान्यात आधीच करून, पाणी उडवून, वाळवलेली असते. तुम्ही ती फक्त विरघळवता. सकाळी आठ-बाराची लोकल गाठायची असेल तर खुशाल प्या. साखरेबरोबर पांढरी होईपर्यंत फेटा, वर फेस येईल, दिसेल छान. पण फेटण्यात जी दहा मिनिटं जातात तेवढ्यात पातेल्यात खरी कॉफी होऊन गाळूनही होते.

पाकिटावर बघायची दुसरी गोष्ट, तारीख. पाकिटावर वापरायची मुदत ठळक असते, भाजल्याची तारीख क्वचित. आणि कॉफीत महत्त्वाची तीच. भाजलेला दाणा तीन-चार दिवसांनी रंगात येतो आणि महिना-दीड महिना चांगला राहतो. दळल्यावर मात्र त्याचा सुगंध भराभर उतरतो. मुदत संपलेली नाही म्हणजे खराब झालेली नाही, इतकंच. चव कधीच गेलेली असू शकते.

ताजेपणाची परीक्षा फुकट आहे. पावडरीवर थोडं गरम पाणी घाला आणि बघत राहा. ताजी पावडर फुगून वर येते, तिच्यातून बारीक बुडबुडे फुटतात, कडेला तपकिरी फेस जमतो. भाजताना दाण्यात साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. शिळी पावडर चिखलासारखी गप्प बसते. वीस हजारांचं यंत्र या शिळ्या पावडरीतून उसना फेस काढू शकेल, गेलेली चव आणणार नाही.

म्हणून घ्यायची ती शंभर-दीडशे ग्रॅमच. समोर दळून देणारं दुकान मिळालं तर उत्तम. माटुंग्यात अशी दुकानं जुनी आहेत, पुण्यातही आहेत, आणि बाकी गावांतल्यांसाठी बागेतून थेट दाणे पाठवणारे आता पुष्कळ झाले आहेत. दाणे आणलेत आणि घरी चक्की नसेल तर मिक्सरचं चटणीचं भांडं कोरडं करून घ्या. दोन सेकंद फिरवा, थांबवा, भांडं हलवा, पुन्हा दोन सेकंद. सलग फिरवलंत तर पातं तापतं, तळाशी पीठ होतं आणि वर अर्धे दाणे तसेच राहतात. दळण थोडं ओबडधोबड येईल. येऊ दे. ताजं ओबडधोबड दळण शिळ्या एकसारख्या पावडरीपेक्षा शंभर वेळा बरं.

डबा घट्ट झाकणाचा, कोरडा, शेगडीपासून लांब. फ्रिजमध्ये लसणाच्या चटणीशेजारी ठेवू नका. कॉफी वास ओढते आणि दरवेळी बाहेर काढली की ओल धरते.

एकच उपकरण घ्या असं मी आग्रहाने सांगेन: छोटा डिजिटल वजनकाटा. तीन-चारशे रुपयांत येतो. आज कॉफी झकास, उद्या पचपचीत, असं जे होतं त्याचं कारण बहुतेक वेळा चमचा कधी शिगोशीग, कधी सपाट, हेच असतं. पावडरीचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्यात उतरला की कॉफी जमते. कमी उतरला तर आंबट आणि पाणचट लागते, जास्त उतरला तर कडू आणि घशाशी कोरडी. आंबट लागली तर पुढच्या वेळी दळण बारीक करा किंवा मिनिटभर जास्त ठेवा. कडू लागली तर दळण जाड करा किंवा वेळ कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच-सहा वेळांत तुमच्या जिभेचं माप सापडतं.

स्टीलच्या फिल्टरबद्दल आपल्याकडे विनाकारण धास्ती आहे. ‘ते दाक्षिणात्यांनाच जमतं’ म्हणतात. कशाला? एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं, आत एक दांडीची चकती आणि वर झाकण. यात न जमण्यासारखं काय आहे?

दोघांसाठी वीस ग्रॅम पावडर, रव्यापेक्षा बारीक पण पिठाएवढी नाही. वरच्या भांड्यात घाला आणि कडेला हलकी टिचकी मारून सपाट करा. चकती ठेवून तिच्या वजनापेक्षा जरासाच जास्त दाब द्या. आता गरम पाणी, पण सगळं एकदम नाही. आधी पावडर भिजेल इतकंच, दोन-तीन चमचे. अर्धा मिनिट थांबा. मग बाकीचं, एकूण सव्वाशे-दीडशे मिलिलिटर, कडेकडेने, धार बारीक ठेवून. झाकण लावा आणि आंघोळीला जा. पंधरा-वीस मिनिटांत खालच्या भांड्यात काळाभोर, दाट अर्क उतरलेला असतो. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर पावडर जाड होती किंवा दाबली नव्हती. तासभर थेंबच येईना तर फार बारीक होती किंवा ठेचून भरली. भोकं बुजली असतील तर वरचं भांडं उजेडाकडे धरून बघा, कळतं. रिकामं भांडं गॅसच्या ज्योतीवर क्षणभर धरलं की आत अडकलेलं तेल आणि चोथा जळून जातो. मग घासून घ्या.

कपात एक भाग अर्क, तीन भाग दूध. अर्क पुन्हा तापवू नका, दूध कडकडीत तापवा. आणि दूध नुकतं उकळलेलं असावं. सकाळपासून चार वेळा तापवलेल्या म्हशीच्या दुधात कॉफीची चव दबते आणि साय कपाच्या काठाला चिकटते. दोन भांड्यांत वरखाली करून फेस काढा. त्याला नळी लागत नाही, वीजही लागत नाही.

स्वयंपाकघरातल्या सामानाने कॉफीत केवढी क्रांती होते याचा दाखला जर्मनीतला आहे. ड्रेस्डेनमधल्या मेलिटा बेंट्स या गृहिणीला कपात येणाऱ्या चोथ्याचा आणि कडवटपणाचा वैताग आला होता. तिने पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. कॉफी स्वच्छ उतरली. १९०८ साली तिने बर्लिनच्या पेटंट कार्यालयात त्याची नोंद केली आणि ७३ फेनिग भांडवलावर कंपनी काढली. ती कंपनी आजही त्याच कुटुंबाकडे आहे, आणि हल्लीच्या कॅफेंमध्ये काचेच्या शंकूत कागद घालून जी कॉफी तीनशे रुपयांना मिळते तिचं मूळ त्या खिळ्यात आणि टीपकागदात आहे. तुम्हाला कागदी फिल्टर मिळत नसतील तर धुऊन मऊ झालेलं मलमलचं फडकं घ्या. साबण लावू नका, वास धरतो. नुसत्या पाण्याने धुवा, मधूनमधून उकळा, उन्हात वाळवा. खवट वास यायला लागला की फेकून द्या.

एक टपली कॉफीपंडितांनाही. दूध घालणारा अडाणी, साखर घालणारा त्याहून अडाणी, असा एक सूर हल्ली ऐकू येतो. हा सूर लावणाऱ्यांनी एकदा आपल्याकडची जायफळाची कॉफी नीट करून प्यावी. गरम दूध, त्यात ताजा अर्क, साखर आणि वरून सहाणेवर उगाळलेलं किंवा किसलेलं चिमूटभर जायफळ. चिमूटभरच, जास्त झालं की कॉफी गायब होते. गणपतीत, लग्नघरात, रात्रीच्या जागरणाला मराठी घरांनी ही कॉफी वर्षानुवर्षं केली. तिच्यात खोट काढायची असेल तर फक्त पावडरीची काढा, जायफळाची नको.

‘आम्ही चहावाले, कॉफी आमची नव्हे’ हे कारणही चालणार नाही. कॉफीच्या मळेवाल्यांना देशात गिऱ्हाईक तयार करायचं होतं तेव्हा कॉफी सेस कमिटीने १९३६ साली पहिलं इंडिया कॉफी हाऊस काढलं ते मुंबईत, चर्चगेटला. विदर्भात चिखलदऱ्याला कॉफी पिकते. सुफी संत बाबा बुदान यांनी येमेनहून सात दाणे आणून जिथे लावले असं सांगतात तो चिकमगळूरचा डोंगर कोल्हापुरातून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी आपल्या शेजारच्या कर्नाटकात होते.

आणि ती जाते कुठे? बहुतांश परदेशी. वर्षानुवर्षं आपलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटली आहे. तिथे ती भाजली जाते, मिसळली जाते, डब्यात भरली जाते. मुंबईच्या मॉलमध्ये तिप्पट भावाने घेतलेल्या इटालियन डब्यात कर्नाटकातल्या कोडगूचा रोबस्टा जातीचा दाणा असायची पुरेपूर शक्यता आहे. आपण मधल्यांना पैसे देतो आणि अर्धी चिकोरी असलेलं पाकीट मात्र ‘आपलं’ म्हणून पितो.

या दाण्यामागे कष्ट किती आहेत बघा. फळ एकाच वेळी पिकत नाही, म्हणून लाल झालेलं तेवढंच हाताने वेचायचं, पुन्हा काही दिवसांनी त्याच झाडाकडे यायचं. मग गर काढायचा, वाळवायचं, सोलायचं, निवडायचं. हे करणारे बहुतेक बागायतदार लहान आहेत, दहा हेक्टरांच्या आतले. वीस हजारांच्या यंत्रातला एक रुपया त्यांच्याकडे जात नाही. चांगल्या दाण्याला दिलेल्या पैशातला काही तरी जातो.

महाग पडेल म्हणता? हिशेब करा. अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात पंधरा ग्रॅमचे सोळा मग भरतात. पाकीट पाचशे रुपयांचं धरलं तरी मग एकतीस-बत्तीस रुपयांना पडला. यंत्राच्या वीस हजारांत अशी चाळीस पाकिटं येतात. दिवसाला एक मग धरला तर पावणेदोन वर्षं पुरतात.

यंत्र घ्यायचा विचार चालू असेल तर तो सहा महिने पुढे ढकला. या रविवारी शंभर ग्रॅम ताजे दाणे आणा आणि पातेल्यात करून बघा. दुकानदाराला आधी विचारा, कधी भाजलेत. त्याला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान गाठा.